ब्रेकचा कोड

"मशीन लावा, भाऊजी. माझ्यासमोर लावा."

भावजय गॅरेजच्या शटरपाशी गाडीकडे पाठ करून उभी होती. क्रेनवाल्यांनी सकाळीच आणून टाकलेली ती गाडी मिस्त्रीच्या धाकट्या भावाची. गाडीचं तोंड पार आत गेलं होतं आणि फुटलेली एअरबॅग स्टिअरिंगवरून खाली लोंबत होती. रस्त्याच्या टोकाच्या भिंतीवर हीच गाडी आदळून धाकटा जागच्या जागी गेला होता. पोलिसांचं बघून झालं होतं आणि उद्या भंगारवाला ती उचलून नेणार होता.

मिस्त्रीने तिला समजावून पाहिलं. बॅटरी फुटलीय, दुसरी जोडावी लागेल, आणि आता कळून तरी काय होणार, असं काहीबाही तो बोलला. ती जागची हलली नाही. धाकटा गेल्यापासून तिच्या पोटात धड अन्न नव्हतं. सासूने ताट पुढे ठेवलं की ती दोन घास चिवडायची आणि उठायची. डोळ्यांतून पाणीही आलं नव्हतं, आणि मिस्त्रीला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

"त्या सकाळी मी त्यांना बोलले," ती म्हणाली. "तुम्ही असून काय आणि नसून काय, असं बोलले. त्यांनी उलट उत्तरसुद्धा दिलं नाही, किल्ली उचलली आणि गेले. ब्रेक फेल झाले असतील तर तसं सांगा. नसतील तर मी काय केलंय ते मला कळू दे."

ब्रेकचं काम आदल्याच आठवड्यात मिस्त्रीने स्वतः केलं होतं. म्हणजे एक तर याचा हात चुकला होता, नाहीतर हिची जीभ. तिसरं काही दोघांनाही सुचत नव्हतं.

आसपासचे लोक त्याला 'काहीनाही मिस्त्री' म्हणत. डॅशबोर्डवर दिवा पेटला की माणसं घाबरीघुबरी होऊन येत, हा स्कॅनर लावून बघे आणि 'काही नाही, जा' म्हणून वाटेला लावी. अशाने कुणाचा धंदा होतो का? आई कपाळाला हात लावायची. पलीकडच्या गॅरेजांत एक हातखंडा खेळ चाले. गिऱ्हाइकाची पाठ वळली की एखाद्या सेन्सरची वायर काढायची, मग मशीन लावून लाल अक्षरं दाखवायची. गिऱ्हाईक जागीच गार. असल्या मंडळींना मिस्त्रीने जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाला घातल्या नसतील.

त्याने दुसरी बॅटरी आणून जोडली. दारातून आत वाकून स्टिअरिंगखालच्या सॉकेटात स्कॅनरची पिन बसवली आणि किल्ली फिरवली. उरलेसुरले दिवे पेटले. एकेक कोड येऊ लागला. एअरबॅग उडालेली, पुढचे दिवे तुटलेले, रेडिएटरचा पंखा गेलेला. सगळे आदळल्यानंतरचे. ब्रेकचा मात्र एकही कोड नव्हता. क्षणभर त्याच्या जिवाला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची त्याला शरम वाटली.

मग त्याने एअरबॅगची पेटी उघडून बघितली, म्हणजे स्कॅनरवर. आदळण्याआधीच्या शेवटच्या क्षणांत गाडी काय करत होती, ते ही पेटी धरून ठेवते. ब्रेक दाबलेला नव्हता. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला होता. स्टिअरिंग सरळ होतं आणि वेग शेवटपर्यंत चढतच गेला होता.

त्याने पायाखालची चटई चाचपली. कधीकधी चटई सरकते आणि ॲक्सिलरेटर तिच्यात अडकून बसतो. ही चटई आपल्या हुकांत घट्ट होती. त्याने ॲक्सिलरेटर हाताने दाबून बघितला. मोकळा होता, सोडला की वर येत होता. तरी तो दाबतच राहिला, एकदा तरी अडकेल या आशेने.

नोकरी गेल्यापासून धाकटा रोज दुपारी गॅरेजात येऊन बसायचा. पाना-पक्कड हातात द्यायचा, गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. एकदा म्हणाला होता, "दादा, मलाही लाव की तुझं मशीन, बघ काही सापडतंय का." मिस्त्री गाडीखालून डोकंही बाहेर न काढता हसला होता आणि म्हणाला होता, "काही नाही तुला, जा." आता ते आठवलं. त्याला ओरडून रडावंसं वाटलं. पण शटरपाशी ती उभी होती, म्हणून त्याने हुंदका तसाच गिळला.

"काय आलं?" तिने पाठ न वळवताच विचारलं.

खरं सांगितलं असतं तर मिस्त्री सुटला असता. त्याच्या हाताकडे कुणी बोट दाखवलं नसतं, आईनेसुद्धा. आणि ही? ही वर घरात जाईल, दार लावून घेईल आणि एक दिवस ते दार तोडावं लागेल, असं त्याला स्वच्छ दिसलं. घरातून एकच प्रेत पुरे झालं होतं.

"थांब जरा. मागची बाजू राहिलीय."

तो मागच्या चाकापाशी गेला आणि गुडघे टेकून बसला. ब्रेकच्या सेन्सरची वायर कुठे असते ते त्याच्या बोटांना न बघताही माहीत होतं. त्याने ती ओढून काढली. परत येऊन पुन्हा स्कॅनर चालवला. या खेपेला पडद्यावर एक लाल ओळ उमटली. ही वायर निघाल्याने ब्रेक जात नाहीत, फार तर दिवा लागतो. कुठल्याही मेकॅनिकला हे ठाऊक असतं. तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"ये. बघ."

ती आली. गाडीच्या आत नजर जाऊ न देता तिने फक्त पडद्याकडे बघितलं. त्या ओळीतला ब्रेक हा शब्द तिला वाचता आला.

"म्हणजे ब्रेक गेले होते?"

"हो."

"त्यांनी दाबला होता?"

"दाबला होता. शेवटपर्यंत दाबून धरला होता. लागला नाही."

ती तिथेच ऑइलच्या डागांवर खाली बसली आणि रडायला लागली. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मिस्त्री हात लोंबते ठेवून उभा राहिला. तिला पाणी द्यावं असं त्याच्या मनात आलं, पण पुढचा प्रश्न काय येणार हे त्याला माहीत होतं.

"ब्रेकचं काम तुम्हीच केलं होतं ना?"

"मीच. पाइपचा नट आवळायचा राहिला."

तिने पदराने डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्ही मारलंत त्यांना, भाऊजी," ती हळू आवाजात म्हणाली. मिस्त्रीने मान हलवली. ती उठली आणि भिंतीला हात लावत जिना चढून वर गेली.

त्याने मागच्या चाकाची वायर परत बसवली. स्कॅनरवरून तो कोड पुसला. एअरबॅगच्या पेटीतलं काही पुसता येत नाही, पण ती पेटी उद्या गाडीबरोबर भंगारात जाणार होती. बॅटरी काढून त्याने कोपऱ्यात ठेवली आणि स्टूल ओढून बसला.

थोड्या वेळाने आई जिना उतरून आली. शेवटच्या पायरीवरच थांबली. सुनेने तिला सांगितलं होतं.

"तुझ्या हातून असं कसं रे झालं?"

"झालं."

आई गाडीकडे बघत होती. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तिने आज आपणहून जेवायला मागितलंय. वाढलंय तिला." जायला वळली आणि पुन्हा थांबली. "तिचं जेवण होईपर्यंत तू वर येऊ नकोस."

"नाही येत," मिस्त्री म्हणाला.

आई वर गेली. डोक्यावरच्या खोलीतून ताटावाटीचा आवाज येत होता. मिस्त्री मान वर करून तो ऐकत बसला. मध्येच आवाज थांबला तेव्हा तो स्टुलावरून अर्धवट उठला. मग वाटीत पुन्हा काहीतरी वाढल्याचं ऐकू आलं.