पांढऱ्या कापडाचं माप

शिंप्याला पन्नाशीत बाप्तिस्मा घ्यायची बुद्धी झाली, तेव्हा बायको म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली, आत्ता कुठं नवरदेव तयार झाला." ती जन्माची कॅथलिक.

दर गुरुवारी दुकान बंद करून तो चर्चमागच्या खोलीत धर्मशिक्षणाला जाई. शिकवणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. प्रार्थनासुद्धा इंजेक्शन दिल्यासारख्या, पटकन आणि न दुखवता शिकवायच्या. एकच देव, त्याच्यात तीन व्यक्ती. सात संस्कार, दहा आज्ञा. सगळं त्याच्या गळी उतरलं. गाडी अडली ती बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणायच्या विश्वासाच्या कबुलीत. 'देहाचं पुनरुत्थान', म्हणजे मेलेली माणसं देहासकट पुन्हा उठतील, हे आलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

त्याची एकुलती लेक लहानपणीच तापानं गेली होती.

"बाई, ती उठेल तेव्हा तिचं माप काय असेल?" एकदा त्यानं विचारलं. "तेव्हाचं, की आत्ताचं?"

बाईंनी चष्मा काढला. "ते मला ठाऊक नाही. देव नुसत्या आत्म्याला नाही, अख्ख्या माणसाला परत उभं करतो, एवढं चर्च सांगतं. पटत नसेल तर थांबा. मनात नसताना म्हणू नका."

शनिवारी बाप्तिस्मा होता, आणि खोटं बोलून पाण्याखाली डोकं द्यायला त्याचं मन घेईना.

बाप्तिस्म्यानंतर घालायचा पांढरा झगा तो स्वतःच शिवणार होता. दुपारी रस्ता पेंगत होता. उन्हाची तिरीप टेबलावरच्या कापडावर पसरली होती. खडू घेऊन तो वाकला आणि त्याची तंद्री लागली. समोर कुणीतरी उभं होतं, मापाला राहतात तसं, हात जरा लांब धरून. टेप आपला आपण फिरत होता. खांदा, कंबर, उंची. त्याला फार बरं वाटत होतं.

भानावर आला तेव्हा कात्री चालून गेली होती. त्यानं तुकडा छातीला लावला. खांदे अरुंद, कंबर बारीक. असली ढळढळीत चूक उमेदवारीतसुद्धा त्यानं केली नव्हती. मग उमगलं. हे माप त्याचं नव्हतं, लहान पोरीचंही नव्हतं. ते भरल्या वयाच्या तरण्या मुलीचं होतं. इतकी वर्षं त्याचे हात त्याला न विचारता लेकीला वाढवत आले होते.

बायको चहा घेऊन आली. तिला काही सांगावं लागलं नाही. तिनं तुकडा वर धरून मान तिरकी केली.

"उंची कमी धरलीत," ती म्हणाली. "माझ्या भावाच्या वळणाची आहे ती. खाली पट्टी जोडा."

"मग मला कापड उरत नाही."

"तुमच्यासाठी चर्चमधला झगा मागून आणू."

त्याला रडू फुटलं. रडत रडतच त्यानं पट्टी कापली, मशीनवर बसला, आणि टीप घालता घालता विश्वासाची कबुली पहिल्यापासून म्हणायला लागला. त्या शब्दांपाशी तो थांबला नाही.