एकेचाळीस जोड

माझ्या बाबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला. उजवा अजून थोडा शिल्लक आहे, आणि तो वाचवायचा तर ऑपरेशनची तारीख हवी. तारीख देणार एकच डॉक्टर, आणि त्या बसणार फक्त गुरुवारी. गेल्या गुरुवारी आम्ही मुलुंडच्या दवाखान्यात साडेसातला येऊन बसलो. अकराला शिपाई म्हणाला, "मॅडम गेल्या." का गेल्या, ते कुणी सांगेना. घरी जाताना बाबा म्हणाले, "असेल त्यांना काही काम." माझा बाप असाच आहे, सगळ्यांचं समजून घेतो. मी त्यांच्यावर गेलेली नाही.

या गुरुवारी आम्ही सातलाच पोहोचलो. मी पॅकिंगच्या कारखान्यात पुन्हा अर्धा दिवस बुडवला होता आणि सुपरवायझरची बोलणीही खाल्ली होती.

इथल्या रांगेची एक रीत आहे. डोळ्यांचा दवाखाना, त्यामुळे येणारी बहुतेक माणसं सत्तरीच्या पुढची. ती तीन-तीन तास उभी कशी राहणार? म्हणून आल्याबरोबर रांगेत चपला काढून ठेवायच्या आणि बाहेर कट्ट्यावर सावलीत बसायचं. रांग सरकली की जो कुणी धडधाकट असेल तो मागच्या सगळ्या चपला एकेक फरशी पुढे करतो. आजवर कुणी कुणाच्या चपलेचा नंबर मारलेला नाही. आमच्यात भांडणं पुष्कळ होतात, पण त्यावरून होत नाहीत.

नवीन इतकंच की दिवाळीपासून छताला पांढरे डबे बसलेत. त्यांच्यात सेन्सर आहेत आणि ते खाली उभी असलेली माणसं मोजतात. गर्दी वाढली की दुसरी खिडकी उघडायची, कमी झाली की बंद करायची, म्हणजे लोकांचा वेळ वाचतो. खोटं कशाला बोलू, चष्म्याच्या खिडकीवर खरंच पटापट काम व्हायला लागलंय.

दहा पस्तीसला माझं लक्ष भिंतीवरच्या टीव्हीकडे गेलं. 'रांगेत ७ जण. अंदाजे वेळ १२ मिनिटे.' मी मागे वळून बघितलं. चपला पार दारापर्यंत जाऊन वळल्या होत्या. मी मोजल्या. उभी माणसं सात, चपलांचे जोड एकेचाळीस. बाबांचा जोड सव्विसावा.

त्या डब्यांची देखभाल करणारा चैतन्य नावाचा मुलगा कोपऱ्यात टॅबलेट घेऊन बसतो. मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"हे सात कुठून आले रे?"

"सिस्टीम मोजते ना, ताई."

"आणि या चपला?"

"चपला नाही मोजत. माणसं मोजते." मग तोच पुढे म्हणाला, "आणि आता मॅडम घाटकोपरला चालल्यात. तिकडच्या शाखेत तीस जण आहेत. जिथे रांग मोठी तिथे डॉक्टर, असं ठरलंय. साडेदहाचा आकडा गेला."

"गेल्या गुरुवारी पण असंच?"

त्याने टॅबलेटवर बघितलं. "गेल्या गुरुवारी पाचच होते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच! मी, बाबा आणि कट्ट्यावरची ती सगळी म्हातारी माणसं, आम्ही त्या दिवशी नव्हतोच म्हणे. याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.

"आत्ता उभं करते सगळ्यांना. मोज."

"उपयोग नाही ताई. पुढचा निर्णय दोनला. तुम्ही ऑफिसमध्ये अर्ज द्या ना."

अर्ज! मी बाहेर कट्ट्यावर गेले आणि ओरडूनच सगळं सांगितलं. कुणी कपाळाला हात लावला, कुणी पोरांना फोन लावायला लागलं. बाबा म्हणाले, "जाऊ दे संघमित्रा, पुढच्या गुरुवारी येऊ."

"पुढच्या गुरुवारी डोळा थांबणार आहे का तुमच्यासाठी?" मी म्हणाले. असं तोडून बोलायला नको होतं. त्यांचा चेहरा पडला, आणि मला रडू यायला लागलं.

बाबांच्या शेजारी रुक्मिणीमावशी बसल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, दोन्ही गुडघे गेलेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी विचारलं, "डॉक्टरीण खंयसून भायर पडतली?"

"त्या पोर्चमधून. गाडी लागली पण."

"मगे रांग थंय घेवन चल. डॉक्टरीण थंय रांग. माझ्यो व्हाणो हाड आधी, माझो नंबर नववो," म्हणत त्यांनी आतल्या चपलांकडे काठी दाखवली.

पाच मिनिटांत रांग हलली. उभ्या असलेल्या सातांनी आणि मी मिळून चपला उचलल्या आणि पोर्चमध्ये गाडीच्या तोंडाशी मांडायला घेतल्या. क्रम तोच. एका आजोबांनी लांबूनच दम भरला, "माझी कोल्हापुरी लाल सँडलच्या मागे, पुढे नको!" पोर्चमध्ये जागा पुरेना म्हणून रांग गाडीला वळसा घालून गेली. माणूस एकही वाटेत उभा नव्हता.

वॉचमन धावत आला. "अरे, उचला या! गाडी कशी निघणार?"

"तू उचल," मी म्हणाले. "ज्यांच्या आहेत त्यांना नीट दिसत नाही. तुला दिसतंय ना?"

परक्याच्या चपलेला हात लावायला तो काही वाकेना. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पुढे बघितलं आणि बंद केली. "म्हाताऱ्या माणसांच्या चपलांवरून मी नाय घालणार," तो म्हणाला, आणि खाली उतरून गाडीला टेकून उभा राहिला.

डॉक्टर मॅडम पर्स घेऊन बाहेर आल्या त्या पायरीवरच थबकल्या. "हे काय आहे?"

"मॅडम, ही तुमची रांग."

"पण मला तर सांगितलं, सातच आहेत म्हणून."

"मग या कुणाच्या ते विचारा."

त्यांनी खरंच विचारलं. पायरीवरून, जरा चिडूनच, "कुणाच्या आहेत या?"

कट्ट्यावरून आवाज यायला लागले. माझ्या. माझ्या. त्या निळ्या माझ्या. रुक्मिणीमावशींनी काठी वर केली. कुणी आडनाव सांगितलं, कुणी नंबर सांगितला. बाबा नुसते उठून उभे राहिले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग फोन लावला. "घाटकोपरला दुसरं कुणी पाठवा. मी इथेच आहे. नाही, सात नाहीत. मी स्वतः बघतेय." आणि पर्स सावरत त्या आत गेल्या. चपला पुन्हा आत आल्या. क्रमावरून दोन किरकोळ भांडणं झाली, ती मी मिटवली.

पाऊण वाजता बाबांचा नंबर लागला. मॅडमनी डोळ्यातला दाब मोजला, पुन्हा मोजला. मग म्हणाल्या, "सोमवारी ऑपरेशन. रविवारी संध्याकाळीच दाखल व्हा. आणखी एक आठवडा गेला असता तर मी काहीच सांगू शकले नसते." मी कागद घेतला आणि तारीख दोनदा वाचली. आनंद झाला की राग आला, ते मलाच कळत नव्हतं.

बाहेर ऑफिसचे साहेब वही घेऊन उभे होते, मागे मान खाली घातलेला चैतन्य. डॉक्टरांची गाडी अडवली म्हणून तक्रार लिहायची होती. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "यांनीच केलं ना हे? नाव सांगा."

मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे सारलं. सगळ्यांचं समजून घेणारा माझा बाप त्या साहेबाच्या अगदी जवळ गेला. एका डोळ्याने त्याचा चेहरा नीट शोधला.

"माझं नाव लिहा," ते म्हणाले. "भीमराज ओव्हाळ. रांगेत सव्विसावा. गेल्या गुरुवारी पण होतो. तेही लिहा."