पहिला उजेड

डोंगरात गुहा शोधणाऱ्यांच्या त्या क्लबात एक कायदा सगळे पाळत: गुहेत ज्याचा उजेड आधी पडेल, नाव ठेवायचा मान त्याचा. या मानासाठी थोरलीनं गुडघे झिजवले होते. आठवडाभर दुकानात काचा कापायच्या आणि सुटीच्या दिवशी काटेरी झुडपांत शिरून कपारीत हात घालायचा, आतून गार वारा लागतो का बघायचं. एवढं करून तिच्या नावावर होती चार बिळं. त्यातल्या एकात तर साळिंदरालाही अंग चोरून बसावं लागलं असतं.

आणि तिची धाकटी बहीण? तिला गुहांचं मुळीच वेड नव्हतं. ती वटवाघळांची अभ्यासक. ओढ्यावर जाळं लावायचं, अडकलेलं वटवाघूळ हलक्या हातानं सोडवायचं, वजन करायचं, नर की मादी बघायचं आणि सोडून द्यायचं. पण काही जाती गुहेशिवाय राहतच नाहीत. अशा जातीची दूध पाजणारी मादी सापडली, की तिचं पिल्लू जवळपासच्या गुहेत टांगलेलं असणार हे उघड. मग धाकटी मादीच्या पाठीवर इवलासा ट्रान्समीटर चिकटवायची, दोन टेकड्यांवरून सिग्नलची दिशा घ्यायची आणि नकाशावर दोन रेघा ओढायची. रेघा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे गुहा. गेल्या वर्षी तिनं अशा तीन गुहा शोधून काढल्या. क्लबात टाळ्या वाजल्या. थोरलीनंही वाजवल्या, पण पोटात चांगलंच दुखत होतं.

लहानपणापासून हेच. थोरलीनं ढोपरं फोडून सायकल शिकायची आणि धाकटीनं एका दुपारी ती पळवायची. वर आई कौतुकानं म्हणणार, "तुझंच बघून शिकली गं ती!" म्हणजे जखमेवर मीठ.

एके दिवशी धाकटी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसली होती. थोरली भांडी पुसता पुसता डोकावली.

"ही मोठी असणार, ताई. एवढ्या आया मी एका ओढ्यावर कधीच पाहिल्या नाहीत."

"मग चल की रविवारी."

"छे गं! पिल्लं उडायला लागेपर्यंत कुणीही आत जायचं नाही. आया बिथरल्या की पिल्लं पडतात. कधीकधी अख्खी वसाहत जागा सोडते."

थोरली "बरं" म्हणाली. पण तिची नजर त्या रेघांवर खिळली होती. त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर बसून तिनं कितीदा डबा खाल्ला होता! आयुष्यभर डोंगर तुडवला आपण आणि तो बोलला हिच्याशी. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर खाली ओढून ती एकटीच निघाली. वेलींमागे एक शिळा होती आणि शिळेमागे गुहेचं तोंड. आतून उग्र दर्प आला. फक्त उजेड टाकायचा आणि परत फिरायचं, असं स्वतःला बजावत ती चार पावलं आत गेली आणि तिनं डोक्यावरचा दिवा लावला.

छत हललं. ती नागडी, गुलाबी पिल्लं होती, एकमेकांना बिलगलेली. दिवा तिथेच विझवायला हवा होता. पण थोरली बघत राहिली. हे मी आधी पाहिलं, तिनं नाही! इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मग आयांचा एकच कल्लोळ उठला, खांद्यावर काहीतरी मऊ पडून घरंगळलं, आणि ती धावत सुटली.

त्या आठवड्यात धाकटीचे सिग्नल बंद पडले. "ट्रान्समीटर गळून पडला असेल," थोरली म्हणाली.

पिल्लं उडण्याचा काळ सरला, तेव्हा धाकटी सगळ्या क्लबाला घेऊन गुहेपाशी आली आणि तोंडाशीच थांबली. "जा ताई, पहिला उजेड तुझा. टेबलावर नकाशा पसरला होता ना, मी त्याच दिवशी ठरवलं होतं. तुझ्याच मागे मागे फिरून मला डोंगर कळला ना!"

टाळ्या पडल्या. थोरलीला तेही सोसेना. मोठेपणासुद्धा हिनंच मिळवायचा! ती आत वाकली.

छत रिकामं होतं. खाली ओल्या मातीत काडीएवढी हाडं पसरली होती, आणि बुटांचे ठसे होते. आत जाताना सावकाश पडलेले, बाहेर येताना फाकलेले.

"आहेत का गं, ताई?"

"नाहीत," असं म्हणत ती बुटानं ठसे पुसू लागली. एक पुसला, दुसरा पुसला, तोच मागून दुसरा उजेड आला. धाकटी आत आली होती. तिनं छताकडे पाहिलं, हाडांकडे पाहिलं, उरलेल्या ठशांकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ ताईच्या बुटाकडे.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण बाहेरच्यांकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "थांबा जरा. ताई नाव सांगतेय."

बाहेर सगळे कान देऊन उभे राहिले. थोरलीनं अर्धवट पुसलेल्या ठशावरचा बूट मागे घेतला.