बोथट चाकूची शिफारस

अप्पांचा चाकू विमानतळावर गेला. धाकटी लेक परदेशी निघाली होती, तिला सोडायला ते गेले होते. दारावरच्या सुरक्षारक्षकाची चिकटपट्टी गुंडाळीत अडकून बसली होती आणि तो नखांनी तिचं टोक शोधत होता. अप्पांनी सवयीने खिशातून घडीचा चाकू काढला, पट्टी सोडवून दिली आणि चाकू मिटला. रक्षकाने मनापासून आभार मानले आणि चाकू जप्त केला.

अप्पांनी आयुष्यभर खुर्च्या आणि सोफे मढवले. काम थांबवलं तरी चाकू खिशातच राहिला. दोरा तोडायला, पाकीट फोडायला, सफरचंद कापायला, कुणाच्या पायातला काटा काढायला. तो गेल्यापासून ते उगाच खिसा चाचपायचे आणि रिकामा हात बाहेर काढून त्याच्याकडे बघायचे. शेवटी रविवारी नवा चाकू घ्यायला जायचं ठरलं. जावई बरोबर निघाला.

निघताना त्याच्या बायकोने, म्हणजे अप्पांच्या थोरल्या लेकीने, त्याला जिन्यात गाठलं.

"अप्पांचा हात थरथरतो हल्ली," ती हळू आवाजात म्हणाली. "परवा अर्धा चहा बशीत होता. तू बघ, जरा कमी धारेचा घेतील असं."

"कमी धारेचा चाकू?"

"बोथट. पण त्यांना कळता कामा नये."

बायको जनावरांची डॉक्टर होती. चावऱ्या कुत्र्यांना ती ज्या आवाजात गप्प करायची, तोच आवाज घरातही चालायचा. जावयाचं चष्म्याचं दुकान होतं आणि समोरच्याला 'हे बरं दिसतंय की हे' असं विचारण्यात त्याची हयात चालली होती. स्वतःचं मत देण्याची त्याला सवय नव्हती. तो "हो" म्हणाला.

चाकूचं दुकान अरुंद होतं. भिंतीवर कात्र्या टांगलेल्या, काचेखाली घडीचे चाकू ओळीने मांडलेले, कोपऱ्यात धार लावायचं चाक. गल्ल्यामागे एक जाडजूड बाई बसल्या होत्या. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत घसरला होता. काडी सैल आहे, हे जावयाने आत पाऊल टाकतानाच हेरलं.

"खिशात ठेवायला हवाय," अप्पा म्हणाले. "रोजचा."

बाईंनी मखमलीचा तुकडा पसरला आणि एकेक चाकू त्यावर ठेवायला सुरुवात केली. अप्पांच्या पाठीमागे उभं राहून जावयाने बाईंना डोळा मारला. मग दोन्ही तळवे खाली दाबून 'कमी, कमी' अशी खूण केली. बाई बघतच राहिल्या. त्याने पुन्हा डोळा मारला.

"तुमच्या डोळ्यात काही गेलंय का?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

अप्पा वळून म्हणाले, "नाही हो, त्यांचं चष्म्याचं दुकान आहे."

या खुलाशाने बाईंचं समाधान झालं नसावं, पण त्यांनी पुढचा चाकू मखमलीवर ठेवला. अप्पांनी पहिला चाकू उचलला. त्यात पातं, कात्री, करवत, दात कोरायची काडी आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू, असा सगळा संसार होता. अप्पांनी तो तळहातावर तोलला. "खिसा लोंबेल. आणि मी पीत नाही." दुसरा काळा कुळकुळीत, पातं लांब आणि टोकदार. "हा खिशात घालून भाजी आणायला गेलो तर भाजीवाला पैसेच घ्यायचा नाही." तिसऱ्याचं बटण दाबताच पातं असं उसळून बाहेर आलं, की जावई दारापर्यंत मागे गेला. अप्पांनी तो हळूच मिटून बाजूला सरकवला.

जावयाला वाटलं, आता आपण काही केलं नाही तर वेळ निघून जाईल. काचेच्या कडेला किल्ल्यांच्या कड्यात अडकवायचे चिमुकले चाकू होते. त्यातला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा त्याने उचलला.

"अप्पा, हा बघा किती छान आहे. हलका. रंगही चांगला आहे."

अप्पांनी चाकू घेतला. बाईंनी धार तपासायला सुतळीचं रीळ ठेवलं होतं. अप्पांनी त्यातला एक पदर जावयाला ताणून धरायला लावला आणि पातं फिरवलं. सुतळी वाकली. पुन्हा फिरवलं, ती दुसरीकडे वाकली.

"समजूतदार चाकू आहे," अप्पा म्हणाले. "सुतळीचं मन दुखवत नाही."

अप्पांनी चाकू खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "जावईबापू, किती बोथट आणायला सांगितलंय?"

जावयाचे कान लाल झाले. "तिला काळजी वाटते, अप्पा. तुमचा हात—"

"हात थरथरतो. मला माहीत आहे, माझाच आहे तो."

बाई मात्र उखडल्या. "बोथट? म्हणजे मघापासून डोळे मिचकावत होता ते यासाठी? अहो, बोथट चाकूला जोर लावावा लागतो. जोर लावला की तो सटकतो, आणि सटकला की बोटावर येतो. तो चिमुकला पाकिटं फोडायला ठेवलाय, आणि तीही फार चांगली फोडत नाही."

आपण अगदीच अडाणी नाही, हे दाखवणं आता जावयाला भाग होतं. मखमलीवर एक चाकू उघडा पडला होता. "तरी याला कुलूप आहे, हे बरं," असं म्हणत त्याने तो उचलला. "उघडल्यावर पातं पक्कं बसतं, आणि मिटायचं असलं की हे असं दाबायचं." त्याने दाबलं. पातं मिटलं. वाटेत त्याची तर्जनी होती.

बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं. अप्पांनी त्याचाच रुमाल त्याच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला. सोफ्याची शिवण घालणाऱ्या माणसाची गाठ होती ती, सुटणं शक्यच नव्हतं.

"दुखतंय का?"

"नाही," जावई म्हणाला. त्याचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता.

अप्पा पुन्हा चाकूंकडे वळले. "बाई, टोक नसलेला आहे का? बोथट नाकाचा. पण धार मात्र हवी."

बाईंनी खालच्या खणातून एक काढला. लाकडी मूठ, आखूड पातं, धार सरळ आणि पुढचं नाक गोल उतरलेलं. अप्पांनी कोपर बरगडीला टेकवलं, मनगट गल्ल्याच्या कडेवर ठेवलं आणि पातं उघडलं. हात थरथरतच होता. बाईंनी ताणून धरलेली सुतळी मात्र एका झटक्यात तुटली.

"टोक असलं की खालचं कापडही फाटतं," ते जावयाला म्हणाले. "आता हात हलतो, म्हणजे खाली मांडी असली तर तीही फाटेल. हा बरा."

घरी पोचल्यावर बायकोची नजर आधी रुमालावर गेली. तिने दोघांनाही आत बोलावलं, नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि गाठ सोडायचा प्रयत्न केला.

"अप्पांच्या हातून लागलं ना? म्हणूनच मी सांगत होते."

अप्पा पंख्याकडे बघत राहिले.

"माझ्याच हातून लागलं," जावई म्हणाला. "कुलूप दाखवत होतो."

"कुणाला?"

"दुकानदार बाईंना."

बायकोच्या ओठांचे कोपरे हलत होते. गाठ मात्र सुटेना. नखांनी नाही, दातांनी तर नाहीच. अप्पांनी खिशातून नवा चाकू काढून पुढे केला. तिने गोल नाक रुमालाखाली सरकवलं आणि पातं वर उचललं. रुमाल दुभंगला, कातडीला स्पर्शही झाला नाही. तिने औषध लावलं, पट्टी बांधली आणि सवयीने बजावलं, "चाटायचं नाही." मग चाकूचं पातं उजेडात धरून ती त्याच्याकडे बघत बसली.

"हा बँडेज काढायला किती चांगला आहे. जनावर उसळलं तरी टोक घुसायचं नाही." तिने तो मिटला आणि बोलता बोलता आपल्या पिशवीत टाकला. "उद्या दवाखान्यात बघते."

अप्पांनी रिकामा खिसा चाचपला.

सोमवारी संध्याकाळी तिने सांगितलं, एका आडदांड बोक्याचं बँडेज त्याला कळायच्या आत निघालं. चाकू परत मिळण्याची आशा अप्पांनी तिथेच सोडली.

पुढच्या रविवारी तिघं मिळून दुकानात गेले. बाईंनी तसाच दुसरा चाकू खालच्या खणातून काढून अप्पांना दिला आणि त्यांचं काम पाच मिनिटांत उरकलं. बायकोला मात्र दवाखान्यासाठी अजून एक लहान हवा होता. तिने मखमलीवर अख्खं दुकान उतरवून घेतलं. प्रत्येकाचं पातं उजेडात धरलं, प्रत्येकाचं कुलूप उघडलं, मिटलं. अप्पा सुतळी ताणून उभे होते आणि ती तुटली की नवा पदर ओढत होते. जावई आपण होऊन बाईंचा चष्मा घेऊन दारातल्या उजेडात बसला आणि बांधलेलं बोट वर ठेवून, चिमुकल्या पेचकसाने त्याची सैल काडी आवळू लागला.