दुसऱ्याच्या हातचं नाव

शिगेनोला लिहिता येत नव्हतं, यात तिचा काय दोष? आठव्या वर्षी तिच्या पाठीला परक्याचं मूल बांधलं आणि पोटापुरत्या भातावर तिला राबवलं. शाळेच्या खिडकीत पोरं अक्षरं घोकायची, खिडकीखाली ही त्या मुलाला झोपवत फिरायची. पुढं तोराकिचीशी लग्न झालं आणि जन्म जाळी ओढण्यात गेला. पोस्टात असो की दवाखान्यात, तिचं नाव नवराच लिहायचा. वर चारचौघांत म्हणायचा, हिच्यापुढं कागद उलटा धरला तरी हिला सुलटाच. लोक हसायचे. तीही हसायची, करते काय!

साठी उलटल्यावर मात्र तिनं मनाशी एक गोष्ट धरली. नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी सारं गाव कुंचला धरून वर्षाचं पहिलं लिखाण करतं आणि ते कागद सभागृहाच्या भिंतीवर लागतात. त्या भिंतीवर आपल्या हातचं आपलं नाव लागलं पाहिजे आणि नवऱ्यानं ते बघितलं पाहिजे. बाकी काही नको.

सुकी मासळी द्यायच्या निमित्तानं ती ओगाताबाईंकडे जाऊ लागली. बाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, स्वभावानं गोड. नवऱ्याला यातलं अवाक्षर कळता कामा नये, असं तिनं पहिल्याच दिवशी बजावलं आणि बाईंनी गळ्याची शपथ घेतली. तिच्या नावात जपानी अक्षरं तीनच. ‘शि’ सोपा, मासे धरायचा गळच तो. ‘गे’ नं तिचा जीव खाल्ला. ‘नो’ गोल यायला हवा, तिचा दर वेळी तांदळाच्या चेपलेल्या गोळ्यासारखा बसका यायचा. बाईंचा नियम एकच होता. ओढलेल्या रेघेवरून पुन्हा कुंचला फिरवायचा नाही, जे उमटलं ते आपलं.

वर्षाच्या दुसऱ्या दिवशी बाईंच्या घरी तिनं श्वास रोखून नाव लिहिलं. ‘नो’ च्या निम्म्यात शाई संपली आणि शेपटाला पांढऱ्या चिरा पडल्या. ती पुन्हा शाईत कुंचला बुडवायला गेली, तर बाईंनी मनगट धरलं. म्हणाल्या, "राहू द्या काकू. हे तुमचं अक्षर आहे." शिगेनोचे डोळे भरून आले. कागद सभागृहात लावायला बाईंकडे सोपवून घरी जाताना ती चालत नव्हती, तरंगत होती.

चार दिवसांनी सभागृहात गेली तर तिच्या नावाला बक्षिसाची सोनेरी पट्टी! बायका कौतुक करत होत्या. तोराकिची छाती फुगवून सांगत होता, "बघा, आमची मंडळी!" शिगेनो जवळ गेली. ‘नो’ कसा गोल गरगरीत, काळाभोर. चीर एकही नाही. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. ज्या माणसानं जन्मभर तिला अडाणी म्हटलं, त्याला तिचं नाव भिंतीवर बघून तसूभरही नवल वाटलेलं नव्हतं.

ती तडक बाईंकडे गेली. उंबऱ्यावरूनच विचारलं, "माझा कागद कुठंय?"

बाईंनी आधी चहाचं काढलं, मग थंडीचं. शेवटी म्हणाल्या, "राग मानू नका काकू. तोराकिचीकाका आले होते. म्हणाले, गाव हसेल, तुम्हीच चांगलंसं लिहून लावा. तुमचीच अब्रू राहावी म्हणून..."

"त्यांना सांगितलं कुणी?"

बाईंनी मान खाली घातली. मग कोपऱ्यातल्या टोपलीतून एक चुरगळलेला कागद काढून दिला. वाया गेलेल्या कागदांना कुंचले पुसायची रीतच असते. शिगेनोच्या नावावर दुसऱ्याच कुणाच्या शाईचे फराटे होते. मेलीनं गोड बोलून केसानं गळा कापला, आणि घरच्यानं सुरी धरून दिली. नवऱ्याचं हसणं तिनं जन्मभर सोसलं होतं, पण हे तिला सोसवेना. तिनं कागद हातानं सारखा केला, छातीशी धरला आणि निघून आली.

महिन्याच्या मध्यावर समुद्रकाठी नव्या वर्षाची होळी पेटली. भिंतीवरचे सगळे कागद तिच्यात टाकतात. ज्याचा जळता कागद उंच उडेल, त्याचं अक्षर त्या वर्षी सुधारतं म्हणतात. सोनेरी पट्टीचा कागद आगीत पडला आणि वाऱ्यानं असा उचलला की सगळ्यांच्या वर गेला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तोराकिची म्हणाला, "बघ गं, तुझं नशीब!"

शिगेनोनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पलीकडे उभ्या ओगाताबाईंना तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाई, कागद तुमचा होता. आता तुमचं अक्षर सुधारेल."

टाळ्या थांबल्या. तोराकिची आपल्या चपलांकडे बघत राहिला. शिगेनो एकटीच घरी आली आणि आपला शाईनं बरबटलेला कागद तिनं नवऱ्याच्या जेवायच्या जागेसमोर भिंतीला चिकटवला.