खसखशीएवढ्या गाठी

“ताई, माझी मुळं तुम्हीच मोजा हं. बाकी कुणावर माझा भरवसा नाही,” असं म्हणत धाकटीनं चाळीस बाटल्या माझ्या टेबलावर मांडल्या आणि गेलीसुद्धा.

आमच्या प्रयोगशाळेत ती धाकटी आणि मी थोरली. तिचं पीएचडीचं दुसरं वर्ष, माझं सातवं. माझा प्रबंध अजून होतोय. आई फोनवर विचारते, “झालं का गं?” आणि मी म्हणते, “होतंय.” सर हल्ली आले की थेट हिच्या टेबलाशी. “काय म्हणतायत आपली रोपं?” म्हणे! माझ्या रोपांना सात वर्षांत कुणी ‘आपली’ म्हटलं नव्हतं. पोटात दुखायचं माझ्या, खोटं कशाला बोलू.

तिनं घेवड्याच्या वीस रोपांना एक द्रावण दिलं होतं आणि वीस रोपांना नुसतं पाणी. द्रावणानं मुळांवरच्या गाठी वाढतात, हा तिचा दावा. आमच्याकडे गाठी मोजायच्या त्या दुसऱ्यानंच. बाटलीवर फक्त आकडा, आणि कुठला आकडा कशाचा ती यादी सरांच्या कपाटात. मोजणाऱ्याच्या मनात काही येऊ नये म्हणून ही सोय.

माझ्या मनात आलंच. निम्म्या बाटल्यांतली मुळं चांगली जाडजूड होती. द्रावण प्यायलेली हीच, मी ठरवून टाकलं. भिंगाखाली खसखशीएवढ्या दिसणाऱ्या गाठी धरायच्या की सोडायच्या, ते मोजणाऱ्याच्या मर्जीवर असतं. जाड मुळांवरच्या मी सोडल्या. बारीक मुळांवरच्या झाडून सगळ्या धरल्या. दोन दिवस मान मोडून मोजत होते आणि, सांगायला लाज वाटते, मजेत होते.

तिसऱ्या दिवशी सरांनी यादी काढली. आकडे जुळवता जुळवता खुर्चीतून उठलेच ते. “अगं, दुप्पट!”

जाड मुळं पाण्याची होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! धाकटीनं मला मिठीच मारली. “ताई, तुमच्या हाताला यश आहे!” सर म्हणाले, “महिनाअखेरीस पेपर पाठवू.”

चार दिवस मी गप्प होते. तिचं भलं झालं, आणि तेही माझ्या हातून, याचाच आधी तिळपापड. मग दुसरंच काहीतरी आतून खायला लागलं. उद्या कुणी हाच प्रयोग पुन्हा केला आणि दुप्पट काही निघालं नाही, तर खोटी ती ठरणार होती. माझं नाव कुणी घेणार नव्हतं. पाचव्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. धाकटी तिथंच पेपर लिहीत बसली होती.

“सर, ती मोजणी धरू नका. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

“का गं?”

“चुकलीय माझी.”

धाकटी आधी हसली. मग तिचा चेहरा उतरला. “ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाहीये ना?”

आज पहिल्यांदाच मी तिच्या भल्याचं बोलायला आले होते. पण नाही म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.

“नाही बघवत,” मी म्हणाले. “म्हणूनच मोजताना गाठी सोडल्या. मला वाटलं, त्या तुझ्या द्रावणाच्या आहेत.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. धाकटीनं कागद गोळा केले, एकावर एक नीट लावले आणि उठली. मी बाजूला झाले आणि तिच्यासाठी दार धरून उभी राहिले. ती वळली. खोलीचं दुसरं, व्हरांड्याकडचं दार कधीच उघडत नाहीत, त्याची कडी गंजलीय. बराच वेळ खटपट करून तिनं ती काढली आणि त्या दारानं गेली.