बांधणीतला नंबर

माझा मेहुणा गेला तेव्हा सासूबाईंनी त्याचे कपडे, बूट, पुस्तकं सगळं वाटून टाकलं. फोन मात्र ठेवला. त्याच्याच खोलीत, टेबलावर, चार्जरला लावून. बिलही भरत राहिल्या. मी एकदा म्हणालो, "कशाला उगाच?" तेव्हा बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंडाला कुलूप लावलं.

जाण्याआधी त्याने आईसाठी एक यंत्र बसवलं होतं. छताला सेन्सर, कपाटात छोटासा संगणक. माणूस जमिनीवर पडला आणि उठला नाही, की यंत्र मेहुण्याला फोन लावायचं, तो उचलेपर्यंत पुन्हा पुन्हा. मी चष्मे विकणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बायको मात्र भावाच्याच धंद्यातली, सॉफ्टवेअरवाली. ती म्हणाली, प्रोग्रॅम संगणकातल्याच एका बंद डब्यात असतो, त्याला कंटेनर म्हणतात. तो सुरू करताना बाहेरून त्याला चार गोष्टी सांगता येतात, त्यांना एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल म्हणायचं. तिथला दादाचा नंबर काढून माझा घातला की झालं.

तिने घातला. कंटेनर बंद करून पुन्हा चालू केला, आत डोकावून पाहिलं, तिचाच नंबर दिसला. चाचणीचं बटण दाबलं, तर तिचाच फोन वाजला.

"म्हणजे आता मी पडायला मोकळी," सासूबाई म्हणाल्या. आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आता चीड येते.

त्या पडल्या एका सकाळी, बाथरूमच्या दारात. बायको ऑफिसात होती. फोन समोरच, आवाज मोठा ठेवलेला. तो वाजलाच नाही. संध्याकाळी आम्ही सहज गेलो, तर जिन्यात शेजारीण भेटली.

"अहो, तुमच्याकडे दिवसभर फोन वाजतोय. मला वाटलं, आजी बाहेर गेल्यात."

बाथरूममधून निघालं की घराचं दार अगदी जवळ. तिथवर येऊन दार नुसतं वाजवलं असतं तरी शेजारीण धावली असती. पण सासूबाई दाराशी नव्हत्या. मोडलेला खुबा घेऊन त्या उलट्या दिशेला सरपटत गेल्या होत्या, मुलाच्या खोलीकडे. उंबऱ्यावर सापडल्या. टेबलावरचा फोन तेव्हाही वाजत होता.

हॉस्पिटलच्या बाकावर बायकोने लॅपटॉप उघडून भावाचा कोड वाचला. चाचणीचं बटण कंटेनर चालवताना दिलेला नंबर वाचत होतं. पडण्यावर नजर ठेवणारा भाग वेगळा होता, आणि त्यात दादाचा नंबर कंटेनर बांधतानाच आत गेलेला होता. पीठ मळताना घातलेल्या मिठासारखं. वरून काहीही करा, आतलं निघत नाही, पीठच नव्याने मळावं लागतं.

"दादाची घाई," ती म्हणाली. मग लॅपटॉप मिटला. "मी नुसतं एकदा जमिनीवर आडवी पडून बघितलं असतं तरी कळलं असतं."

"तुझा काय दोष यात," मी म्हणालो. असल्या वाक्यांनी कधी कुणाचं काही भलं झालंय?

वय, मोडलेला खुबा, त्यात दिवसभर तसंच पडून राहणं; डॉक्टरांनी हात टेकले होते. जवळ बसा, बोलतायत तोवर बोलून घ्या, एवढंच त्यांनी सांगितलं. आम्ही आत गेलो तेव्हा सासूबाईंना थोडी शुद्ध होती. त्यांनी लेकीचं मनगट धरलं.

"दादाचा फोन वाजत होता ग. मला पोचताच आलं नाही."

"असू दे, आई."

"कोण करतं ग त्याला अजून?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. खरं काय सांगणार होती ती? की घरच त्याला बोलावत होतं, आई पडली आहे, धाव म्हणून? मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"मीच करत होते," ती म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, नुसतं न कळून.

"मग मला करायचास ना," त्या म्हणाल्या. "मी घरातच होते."